संहिता उघडी, पण मोकळी नव्हे



आजचा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटण्याचा संभव आहे. संगणकाच्या पडद्यावर बटणे, याद्या, चौकटी आणि सरकपट्ट्या काढून देणारा जो कार्यसंग्रह असतो, तो त्याच्या मूळ संहितेपासून आपल्या यंत्रावर कसा बांधून घ्यावा, हा वरवर पाहता कारागिरांचा प्रश्न आहे. सभागृहात बसलेल्या वकिलांनी, शिक्षकांनी, व्यापाऱ्यांनी आणि गृहिणींनी त्याचा विचार का करावा, असे कोणी विचारल्यास ते गैर म्हणता येणार नाही. परंतु १९९५ ते २००० ह्या काळात युरोप-अमेरिकेतील संगणकवर्तुळांत ह्याच कामावरून एक मोठा वाद माजला. एखादी गोष्ट वाचावयास मिळणे आणि तिच्यावर हक्क मिळणे ह्या दोहोंतील अंतर त्या वादात जितके स्वच्छ दिसले, तितके क्वचितच दिसते. तो इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करू. संगणकाचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, मनुष्य ज्या भाषेत लिहितो त्या लिखाणास मूळ संहिता किंवा सोर्स कोड म्हणतात. यंत्राला ती भाषा कळत नाही. म्हणून कंपायलर नावाचा दुसरा एक कार्यक्रम तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. आपणां मराठी माणसांना हे नाटकाच्या दृष्टान्ताने चटकन उमगेल. संहिता आणि प्रयोग ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. प्रयोगाचे तिकीट काढणाऱ्याला नाटक पाहता येते. परंतु त्यातील एखादा प्रवेश आपल्या गावाला मानवेल असा बदलावयाचा, तर हाती संहिता पाहिजे. बाजारात विकला जाणारा बहुतेक संगणकीय माल हा प्रयोगाच्या स्वरूपाचा असतो. संहिता मालकाच्या कुलपात राहते.

दुसरा शब्द लायब्ररी. येथे त्याचा अर्थ ग्रंथालय नव्हे. अनेक कार्यक्रमांना पुनःपुन्हा लागणारी कामे एकदाच नीट लिहून ठेवलेला संग्रह, असा तो अर्थ आहे. छापखान्यात प्रत्येक पुस्तकासाठी नवे खिळे ओतीत नाहीत; खिळ्यांच्या पेट्या तयार असतात आणि जुळारी त्यांतून मजकूर जुळवतो. पडद्यावरील बटणांचे तसेच आहे. हे संग्रह म्हणजे दुसरी हत्यारे घडविण्याची हत्यारे होत, आणि म्हणूनच ती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न इतका नाजूक ठरला.

चित्रमय पडद्याची कल्पना जुनी आहे. पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात १९७३ साली आल्टो हे यंत्र तयार झाले आणि खिडक्या व माउस यांची जोडी त्यावर जमली. १९८४ साली अॅपलचे मॅकिंटॉश बाजारात आले. त्याच वर्षी एमआयटी ह्या अमेरिकन विद्यापीठात बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी युनिक्स यंत्रांसाठी एक्स नावाची खिडकीपद्धती सुरू केली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये निघाली आणि पुढे कित्येक वर्षे युनिक्सवर व लिनक्सवर तीच चालली. एक्सच्या कर्त्यांनी एक धोरण पाळले होते: आम्ही साधन देऊ, रूप ठरविणार नाही. पडद्यावर चौकोन कसा काढावा आणि माउसची टिचकी कोणत्या खिडकीला पोचवावी, एवढे एक्स सांगते. बटण कसे दिसावे, याविषयी ते मौन पाळते. हे मौन उदार होते, पण त्यामुळे बटणांचा संग्रह दुसऱ्या कोणीतरी करणे भाग पडले. मोठ्या कंपन्यांच्या एका संघाने मोटिफ नावाचा संग्रह १९८९ च्या सुमारास पुढे आणला. तो भारदस्त होता, परंतु त्याच्यासाठी पैसे मोजून परवाना घ्यावा लागे.

आता मूळ संहितेपासून बांधणी म्हणजे नेमके काय, ते पाहू. युनिक्सची यंत्रे अनेक कंपन्यांची आणि नाना तऱ्हांची होती. एका यंत्रासाठी केलेले यंत्रभाषेतील रूपांतर दुसऱ्यावर चालत नसे. तेव्हा संहिताच पाठवावी आणि ज्याने त्याने आपल्या यंत्रावर रूपांतर करून घ्यावे, अशी वहिवाट पडली. ह्या वहिवाटीचे दोन मोठे उपकारकर्ते आहेत. पहिले स्टुअर्ट फेल्डमन. बेल प्रयोगशाळेत १९७६ साली त्यांनी मेक हे साधन लिहिले. त्याचे निमित्त मोठे मजेचे आहे. स्टीव्ह जॉन्सन हे त्यांचे सहकारी एके दिवशी संतापून त्यांच्या खोलीत आले. त्यांनी चूक सुधारली होती, पण सुधारलेल्या भागाचे रूपांतर करावयाचे राहून गेले होते. आणि अख्खी सकाळ ते निर्दोष संहितेत दोष शोधीत बसले होते. कोणता भाग कोणावर अवलंबून आहे आणि कोणता भाग शिळा झाला आहे, याचा हिशेब माणसाने ठेवू नये, तो यंत्राने ठेवावा, हा मेकचा गाभा आहे.

दुसरे उपकारकर्ते डेव्हिड मॅकेन्झी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू ह्या मुक्त प्रणालीतील पुष्कळशा साधनांची देखभाल मॅकेन्झी करीत. यंत्रांचे प्रकार वाढत गेले तशी प्रत्येकासाठी हाताने भरावयाची माहितीही वाढली. १९९१ च्या उन्हाळ्यात त्यांनी ऑटोकॉन्फ ह्या साधनाचा पाया घातला. त्यातून कॉन्फिगर नावाची एक लिपी तयार होते. ही लिपी यंत्राला शंभर बारीकसारीक प्रश्न विचारते: तुझ्याजवळ कंपायलर आहे काय, एक्सचे संग्रह कोठे ठेवले आहेत, अमुक कार्य तुला येते काय? उत्तरे गोळा करून ती मेकला लागणारी यादी तयार करते. मग तीन आज्ञांचा क्रम रूढ झाला. कॉन्फिगर म्हणजे चौकशी, मेक म्हणजे घडण, आणि मेक इन्स्टॉल म्हणजे घडलेल्या वस्तू जागच्या जागी नेऊन ठेवणे. ज्या माणसाला संहितेतील एक ओळही कळत नाही, तोही ह्या तीन आज्ञा देऊन ती आपल्या यंत्रावर उभी करू शकतो. संहितेचा हक्क पंडितांच्या घरातून सामान्यांच्या ओसरीवर आणण्याचे काम ह्या दोन साधनांनी केले, असे मी मानतो.

परंतु बांधणी तेव्हाच पार पडते, जेव्हा लागणारे सर्व भाग मिळण्याजोगे असतात. कॅलिफोर्नियात बर्कली येथील विद्यापीठात स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी होते. त्यांनी १९९५ मध्ये गिम्प हा चित्रसंस्काराचा कार्यक्रम लिहावयास घेतला. गिम्पची संहिता मोकळी होती, पण त्याची बटणे मोटिफची होती. परिणाम असा झाला, की ज्याच्याजवळ मोटिफचा परवाना नाही त्याला गिम्पची संहिता हाती येऊनही ती बांधता येईना. घर आपले, पण दाराची किल्ली दुसऱ्याकडे, अशी ही अवस्था होती. मॅटिस यांनी मोटिफला कंटाळून स्वतःचाच संग्रह लिहिला आणि त्याला गिम्प टूलकिट, म्हणजे जीटीके, असे नाव पडले. त्याची १.० ही आवृत्ती एप्रिल १९९८ मध्ये निघाली. त्याचा परवाना असा होता, की कोणीही तो वापरावा, बदलावा आणि बदललेला पुढे द्यावा.

याच सुमारास नॉर्वेत दुसरी एक कथा घडत होती. हॉवर्ड नोर्ड आणि आयरिक शॅम्बे-एंग हे ट्रॉन्डहेम येथे शिकलेले दोन तरुण. १९९० च्या उन्हाळ्यात ते अल्ट्रासाउंडच्या प्रतिमा साठविणाऱ्या एका कार्यक्रमावर काम करीत होते. तो युनिक्स, मॅकिंटॉश व विंडोज ह्या तिन्ही ठिकाणी चालावयास हवा होता. एकदा बाहेर उन्हात बाकावर बसले असताना, आपल्याला एक नवा, सर्वत्र चालणारा पडद्याचा संग्रह लागेल, असा विचार निघाला, आणि त्यातून क्यूटीचा जन्म झाला. नावातील क्यू हे अक्षर नोर्ड यांच्या लेखनसाधनाच्या टंकात सुरेख दिसे म्हणून घेतले. टी म्हणजे टूलकिट. १९९४ साली त्यांनी कंपनी काढली. तीच पुढे ट्रोलटेक ह्या नावाने प्रसिद्धीस आली. आरंभीच्या दिवसांत दोघांच्या पत्नी नोकरी करून संसार चालवीत होत्या. मे १९९५ मध्ये क्यूटी पहिल्याने लोकांपुढे आली. तोवर एक गिऱ्हाईक मिळाले होते. दुसरे मिळावयास मार्च १९९६ उजाडला. युरोपीय अंतराळ संस्थेने दहा परवाने विकत घेतले, तेव्हा कोठे त्यांचा जीव भांड्यात पडला. हा तपशील मी मुद्दाम सांगतो. पुढच्या वादात ह्या दोघांकडे लोभी सावकार म्हणून पाहण्याचा मोह होतो, पण तो अन्याय ठरेल. पोट भरावयाचे आणि संहिताही लपवावयाची नाही, असा मधला मार्ग ते शोधीत होते.

त्यांचा मार्ग असा होता. विकाऊ माल बनविणाऱ्याने पैसे द्यावे. युनिक्सवर मुक्त कार्यक्रम लिहिणाऱ्यास क्यूटी फुकट, आणि तीही संहितेसकट. मात्र संहितेत फेरफार करून ती दुसऱ्यास देण्यास मनाई. नाट्यसृष्टीच्या भाषेत सांगावयाचे, तर मंडळींनी संहिता वाचावी, तालीम करावी, प्रयोगही फुकट करावा. परंतु एक वाक्य बदलून ती दुसऱ्या मंडळीस देऊ नये. संहिता उघडी होती, मोकळी नव्हती.

ऑक्टोबर १९९६ मध्ये ट्युबिंगन येथील माथियास एट्रिख ह्या जर्मन विद्यार्थ्याने एक आवाहन केले. लिनक्सवर सामान्य माणसास वापरता येईल असा, सर्व भाग एकाच वळणाचे असलेला चित्रमय परिसर निर्माण करू या, असे ते आवाहन होते. त्यातून केडीई हा प्रकल्प निघाला. त्याला संग्रह हवा होता आणि तयार, सुबक, फुकट अशी क्यूटी समोर होती. एट्रिख यांनी ती निवडली. काम झपाट्याने झाले, केडीईची १.० ही आवृत्ती जुलै १९९८ मध्ये बाहेर पडली. पण निवड होताच वादाला तोंड फुटले होते. मुक्त प्रणालीचा दर्शनी भाग अमुक्त पायावर उभा करावयाचा काय? उद्या कंपनी विकली गेली, बुडाली किंवा तिचे मन फिरले, तर हजारो माणसांच्या श्रमांचे काय? केडीईचे उत्तर व्यवहारी होते: आज उपयोगी पडणारी चांगली वस्तू हाती आहे, आणि तिचे मालक सज्जन आहेत. आक्षेप घेणारे म्हणत, की मालकाच्या सौजन्यावर हक्क उभारता येत नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना ह्या दोघा मेक्सिकन तरुणांनी जीटीकेच्या पायावर ग्नोम हा दुसरा परिसर सुरू केला. हार्मनी नावाचा तिसरा एक प्रयत्न क्यूटीचीच मुक्त प्रतिकृती नव्याने लिहावयास निघाला.

वादाची खरी कसोटी ऑक्टोबर १९९८ मध्ये लागली. डेबियन ही स्वयंसेवकांनी चालविलेली लिनक्सची वितरणसंस्था. तिने केडीई आपल्या भांडारातून काढून टाकला. कारण कायद्याचे होते. केडीईचे कार्यक्रम जीपीएल ह्या परवान्याखाली होते. जो कोणी ह्या परवान्याखालील कार्यक्रमाचे यंत्रभाषेतील रूप वाटेल, त्याला त्या रूपात मिसळलेल्या सर्व भागांच्या बाबतीत तेच स्वातंत्र्य पुढे द्यावे लागते. क्यूटीचा परवाना ते देऊ देत नव्हता. शिवाय केडीईच्या काही कार्यक्रमांत इतर लेखकांची जीपीएलखालची संहिता आली होती, आणि त्या लेखकांची संमती गृहीत धरता येत नव्हती. इतर काही वितरणसंस्थांनी केडीई बिनदिक्कत वाटला. डेबियनने कायद्याचे अक्षर मानले.

आता पाहा, मूळ संहितेपासून बांधणी ह्या कारागिरी विषयाला कसे महत्त्व आले. जीपीएल वाटपाचे नियम सांगतो. माणूस आपल्या घरी, आपल्या यंत्रावर काय बांधतो, यात तो पडत नाही. क्यूटीची संहिताही फुकट उतरवून घेण्याची आणि बांधण्याची मुभा होतीच. म्हणजे दोन्ही परवाने एकत्र वाचले असता एक वाट निःसंशय मोकळी उरत होती: दोन्ही संहिता आणा आणि स्वतः बांधा. ज्याला तयार प्रयोग कायद्याने देता येत नव्हता, त्याला तालीम स्वतः करण्याचा अधिकार होता.

ती तालीम अशी चाले. क्यूटीचे गाठोडे आणून, बाहेरून आणलेल्या वस्तूंसाठी युनिक्समध्ये जी स्थानिक जागा राखलेली असते, तेथे सोडावयाचे. जीटीकेप्रमाणे घडलेल्या वस्तू वेगळ्या नेऊन ठेवण्याची रीत तेव्हा क्यूटीत नव्हती. जेथे सोडले तेथेच घर. म्हणून यंत्राला तीन गोष्टी आधी सांगून ठेवाव्या लागत: क्यूटी कोठे आहे, तिची साधने कोठे आहेत, आणि कार्यक्रम चालू होताना संग्रह कोठे शोधावा. ही तिसरी गोष्ट विसरली, की बांधणी निर्विघ्न पार पडूनही कार्यक्रम ‘संग्रह सापडत नाही’ म्हणून अडून बसे. मग मेकची आज्ञा. क्यूटीची एक खासियत होती. एका भागाने संकेत करावा आणि दुसऱ्याने तो झेलावा, ही तिची रीत सी प्लस प्लस ह्या भाषेत सरळ लिहिता येत नसे. त्यासाठी मॉक नावाचे एक भाषांतरसाधन आधी बांधले जाई आणि त्याच्या मदतीने उरलेला संग्रह. त्या काळच्या घरगुती यंत्रांवर पडद्यावरून ओळी वाहत राहत आणि माणूस चहा घेऊन परत येई तरी काम चालूच असे. क्यूटीनंतर केडीईचे स्वतःचे संग्रह, आणि मग कार्यक्रम. जीटीकेकडेही ही उतरंड होतीच, १.२ ह्या आवृत्तीपासून आधी ग्लिब, मग जीटीके. पहिला डेरा नीट बसला नाही, तर वरची सारी उतरंड कोसळते.

तथापि घरगुती बांधणी हा तोडगा होता, न्याय नव्हता. ज्याला वेळ आहे, धीर आहे आणि इंग्रजी सूचना वाचता येतात, त्यालाच तो लागू पडे. शिवाय बांधताना एखादा दोष सापडला आणि सुधारला, तर ती सुधारलेली क्यूटी शेजाऱ्याला द्यावयाची सोय नव्हती. मालकाला कळवावे आणि वाट पाहावी, एवढेच हाती होते.

ट्रोलटेकने टीकेकडे पाठ फिरविली नाही. जून १९९८ मध्ये केडीईच्या मंडळींबरोबर तिने एक विश्वस्त संस्था स्थापन केली. कंपनीने क्यूटीची मुक्त आवृत्ती काढणे बारा महिन्यांहून अधिक काळ थांबविले, तर शेवटची आवृत्ती संपूर्ण मोकळ्या परवान्याखाली प्रसिद्ध करण्याचा अधिकार ह्या संस्थेस मिळाला. मालकाच्या सौजन्याची जागा लेखी कराराने घेतली. १९९९ मध्ये क्यूटीची दुसरी आवृत्ती नव्या परवान्याखाली आली. त्याने फेरफार वेगळ्या पुरवणीच्या रूपाने वाटण्यास मुभा दिली. आता ती मुक्त गणली जाऊ लागली, परंतु जीपीएलशी तिचा मेळ अजून बसत नव्हता. अखेर सप्टेंबर २००० मध्ये युनिक्सवरील क्यूटी २.२ जीपीएलखालीच देण्यात आली. वादाचे मूळ कारण उरले नाही. डेबियनची दारे केडीईला पुन्हा उघडली. हार्मनीचे काम तत्पूर्वीच थंडावले होते. ग्नोम मात्र स्वतःच्या पायावर उभा राहिला होता आणि तो तसाच राहिला.

ज्यांना १९९६ मध्ये शंकेखोर म्हटले गेले, त्यांची शंका अनाठायी नव्हती, हे पुढील काळाने दाखविले. २००८ साली नोकियाने ट्रोलटेक विकत घेतली. २०१२ साली क्यूटी डिजिया ह्या फिनिश कंपनीकडे गेली आणि नंतर तिच्यातूनच निघालेल्या स्वतंत्र कंपनीकडे. मालक बदलत गेले, परंतु विश्वस्त संस्थेचा करार प्रत्येक मालकाने पुढे चालविला. २०२० मध्ये कंपनीने ठरविले, की तयार बांधलेली क्यूटी घेण्यास नाव नोंदवावे लागेल आणि दीर्घकाळ सांभाळलेल्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्या प्रथम पैसे देणाऱ्यांसच मिळतील. तेव्हा केडीईच्या मंडळींनी २०२१ मध्ये ५.१५ ह्या आवृत्तीसाठी दुरुस्त्यांचा स्वतःचा संच ठेवावयास आरंभ केला. १९९८ मध्ये त्यांना हे करता आले नसते.

ह्या साऱ्याचा मराठीशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या अक्षरांशी आहे. देवनागरी पडद्यावर उमटविणे सोपे नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी उच्चारात मागाहून येते आणि कागदावर आधी बसते. ‘र्क’ मधील रफार उच्चारात पहिला आणि लेखनात डोक्यावर. रोमन लिपीच्या सवयीने बनलेल्या संग्रहांना हे ठाऊक नव्हते. जीटीकेची २.० ही आवृत्ती मार्च २००२ मध्ये निघाली. तिच्याबरोबर पँगो हा लिपिजुळणीचा संग्रह आला आणि भारतीय लिपींचे हे नियम मुक्त संहितेत लिहिले गेले. क्यूटीनेही आपल्या परीने तेच केले. मग एक सुंदर गोष्ट घडली. दोन्ही घरांतील जुळणीचे काम हार्फबझ नावाच्या एका सामायिक संग्रहात एकत्र आले. ह्या फारसी नावात हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडे. आज फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइडचे फोन अक्षरे जुळविण्यासाठी तोच संग्रह वापरतात. ज्या दोन पक्षांनी परवान्यावरून एकमेकांशी भांडण केले, त्यांच्या श्रमांचा हा एक ओघ आपल्या फोनवरील मराठीपर्यंत येऊन पोचला आहे. संहिता केवळ उघडी राहिली असती आणि मोकळी झाली नसती, तर ते दोन प्रवाह असे मिळू शकले नसते.

आज एक आज्ञा दिली, की क्यूटी किंवा जीटीके तयार बांधलेली मिळते. घरी बांधण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात, आणि त्यात वाईट काही नाही. आपण सारेच काही कायद्याची पुस्तके घरी वाचीत नाही. पण ती कोणालाही वाचता येतात, हे ठाऊक असल्यानेच न्यायालयावर विश्वास ठेवतो. तयार मिळणारी प्रत्येक वस्तू कोणीतरी, कोठेतरी, त्याच जुन्या क्रमाने चौकशी, घडण व मांडणी करून बांधलेली असते. त्या माणसाने आपला हक्क आपल्या वतीने बजावलेला असतो. म्हणून पुढच्या वेळी कोणी आपणांस ‘आम्ही संहिता दाखवितो’ असे अभिमानाने सांगेल, तेव्हा त्याचे आभार जरूर मानावे, आणि लगेच विचारावे: ही मला बदलता येईल काय, आणि बदललेली शेजाऱ्याला देता येईल काय?